गच्चीचा उतार

आमची यशश्री भाषाशास्त्रज्ञ. पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरची, मरायला टेकलेली भाषा ती नोंदवते आहे. त्या भाषेत डावं-उजवं नाहीच. समुद्राकडचं आणि डोंगराकडचं, संपलं. 'तुझ्या समुद्राकडच्या गालाला शीत लागलंय' असं म्हणतात म्हणे. मी जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर. मला हे सगळं रिकामपणाचं वाटायचं.

मग मेरेवा आजीच आमच्या बेंगळुरातल्या जयनगरच्या घरी आल्या. ती भाषा नीट बोलणारं शेवटचं माणूस. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन इथल्या हॉस्पिटलात ठरलं होतं. माझ्या बायकोने, प्रतिमाने, त्यांना औक्षण केलं, उप्पीट दिलं, देवघर दाखवलं. आजी गप्प. यशश्रीने चित्रांचे पत्ते मांडले. एकाने चित्राचं वर्णन करायचं, पडद्याआडच्या दुसऱ्याने ते ओळखायचं, अशी तिची कामाची पद्धत. तरी आजी गप्पच.

"माझंच चुकलं, बाबा," यशश्री म्हणाली. "त्यांच्याकडे पाहुण्याला आधी समुद्र दाखवतात. त्याशिवाय पाहुणा तोंड उघडत नाही. पण इथे कुठला समुद्र दाखवू?"

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणालो. भूगोल माझा पक्का. आजींना हात धरून गच्चीवर नेलं. "सांग त्यांना. समुद्र पश्चिमेला आहे, पूर्वेला आहे, दक्षिणेलाही आहे. आपण उंच पठारावर आहोत. इथून कुठेही उतरत गेलं की शेवटी समुद्रच."

"बाबा, हे नको सांगायला."

"अगं, खरं तेच सांगतोय ना?"

तिने सांगितलं. आणि आजी बोलू लागल्या, हळूहळू, बराच वेळ. मी खूश होऊन यशश्रीकडे पाहिलं. तिचा रेकॉर्डर चालू होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांच्या बेटावर एकाच जागेवरून समुद्र चहूकडे दिसतो. डोंगरमाथ्यावरून. तिथे फक्त मेलेल्यांना नेऊन ठेवतात. आजी जे बोलल्या ते मेलेल्याच्या वतीने बोलायचे शब्द होते. 'तुम्ही उतरा. मी पोचले.'

त्यानंतर त्यांनी अन्नाला हात लावला नाही. प्रतिमा ताट घेऊन मागे लागली, "आजी, स्वल्प तरी खा हो," पण पोचलेल्याला जेवण कशाला? अशा अवस्थेत ऑपरेशन करता येणार नाही, असं डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं.

"हे शब्द जगात कुणीच रेकॉर्ड केलेले नाहीत," यशश्री म्हणाली. "आणि मला ते ऐकवत नाहीत, बाबा."

मला माझ्या पक्क्या भूगोलाचा संताप आला. आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजींना पुन्हा गच्चीवर आणलं. पाण्याने भरलेली बादली घेतली. घर बांधताना या गच्चीच्या उतारावरून मी कल्लाप्पा मेस्त्रीशी किती भांडलो होतो! पावसाचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपाकडेच गेलं पाहिजे, थेंबभरही साचता कामा नये. बादली ओतली. पाणी सरळ त्या कोपऱ्याकडे निघालं.

"सांग, काल माझं चुकलं," मी यशश्रीला म्हणालो. "नीट मोजलं नव्हतं. पाणी जातंय तिकडे समुद्र. त्याच बाजूला, दुसरीकडे कुठेच नाही."

त्या कोपऱ्यापलीकडे शेजाऱ्यांचं नारळाचं झाड होतं, आणि पुढे नुसतं शहर. यशश्रीला ते ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शब्दाला शब्द सांगितलं.

आजी वाकल्या. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघत राहिल्या. मोजमापाच्या बाबतीत मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो. तरी मी नजर खाली केली नाही.

पाणी गुडगुडत पाइपात उतरलं. ते संपेपर्यंत आजींनी पाहिलं. मग त्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून, पाइपाकडे तोंड करून बसल्या. प्रतिमाने दहीभाताचं ताट त्यांच्या मांडीला खेटून ठेवलं. आजी काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ताट जरा समुद्राकडे सरकव म्हणतात."

यशश्रीने ताट पाइपाच्या बाजूला सरकवलं. रेकॉर्डर खालीच राहिला होता. तो आणायला ती उठली नाही. आजींनी पहिला घास घेईपर्यंत आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.