सेफ्टी ऑफिसरचा व्यायाम

विश्वजीत तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता आणि आपल्या सावधपणाचा त्याला भलता अभिमान होता. गाडी मागे घ्यायची तरी आधी खाली उतरून चारी बाजू बघून यायचा. त्याची बायको रुचिरा यावरून त्याला मनसोक्त हसायची. अशा माणसाने स्वतःच्याच बाथरूममध्ये स्वतःला जायबंदी करून घ्यावं, याला काय म्हणावं हे त्याचं त्यालाही कळेना.

झालं असं, की एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर कुणा 'सरां'चा व्हिडिओ समोर आला. सर सांगत होते, 'पुरुषांनो, पत्नी तोंडाने कधीच सांगत नाही, पण तिला कमी पडत असतं.' मग आकार वाढवायचे व्यायाम: ओढायचं, दाबायचं, धरून ठेवायचं. चांगला अडतीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला बाप्या, पण ते वाक्य त्याच्या डोक्यात जे जाऊन बसलं ते हलेचना. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आंघोळी लांबल्या. तयारी मात्र शिस्तशीर. घसरून पडू नये म्हणून रबरी चटई आणली, गीझरच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघितलं, नखंही कापली. धोक्याच्या एकूण एक गोष्टींचा त्याने बंदोबस्त केला, फक्त मुख्य धोका तेवढा राहिला.

आधी बारीक लाल ठिपके उठले. सरांच्या मते ती प्रगतीची खूण होती. मग एका बाजूला काळंनिळं पडलं, टोकाकडे बधिर वाटू लागलं आणि सकाळी जे आपोआप व्हायचं तेही होईनासं झालं. विश्वजीतने जोर वाढवला. कारखान्यात कुणाचं नुसतं बोट बधिर झालं असतं तर याच गृहस्थाने मशीन बंद करून अख्ख्या शिफ्टला भाषण ठोकलं असतं.

आता रुचिरा जवळ सरकली की तो दचकायचा. दुखतंय हे सांगायची लाज, म्हणून कधी डोकं धरलंय, कधी ऑडिट आहे, कधी पोट बिघडलंय, अशा थापा सुरू झाल्या. त्यातच रुचिराच्या ऑफिसने तिला नाशिकची बदली देऊ केली. घ्यायची की नाही ते तिच्यावर होतं. जेवताना तिने विचारलं, "जाऊ का?"

थोडे दिवस एकटा राहिलो तर दुखणं आपोआप बरं होईल, असा शहाणपणाचा विचार करून तो म्हणाला, "तुझ्या करिअरचा प्रश्न आहे. मी कोण अडवणार?"

ती ताट उचलून आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजायला लागली तेव्हा आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. ही खरंच जाईल. का गेली, हे आपण कुणाला सांगूही शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. घराजवळ, रोडपालीत, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून जुन्या पनवेलमधला दवाखाना शोधला. पाटी होती, 'डॉ. एस. पी. भोईर, मूत्रविकार तज्ज्ञ'. काउंटरवरच्या ठमाबाईंनी भरल्या बाकड्यांसमोर विचारलं, "काय तरास हाय?"

"जरा खाजगी आहे."

"हितं समद्यांचं खाजगीच असतं. लाजू नका, आमी नाय हसत कुनाला."

आत गेला तर डॉ. एस. पी. म्हणजे सत्यवतीबाई निघाल्या. आता पळून जाणंही शोभलं नसतं. त्याने सगळं सांगितलं, त्यांनी तपासलं.

"दुखायला लागल्यावर थांबलात?"

"नाही. जोर वाढवला."

"काम काय करता?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. "सेफ्टी ऑफिसर आहे."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. हसल्या नाहीत, हे त्याला जास्त लागलं.

"आतल्या बारीक शिरा दुखावल्यात," त्या म्हणाल्या. "ठिपके, काळेनिळे डाग, बधिरपणा, ही इजा आहे, प्रगती नाही. ओढणं-दाबणं आजपासून बंद. बरं होईपर्यंत संबंध नाहीत. आत गाठ लागली किंवा बाक आला तर लगेच दाखवायचं. आणि कधी कट्ट आवाज होऊन सूज आली, नाहीतर लघवीतून रक्त आलं, तर घरी वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. वेळेत आलात, बहुतेक भरून येईल."

"पण मग सुरक्षित पद्धतीने वाढवायला—"

"अहो, तुमचं सगळं नॉर्मल आहे. बायकोची तक्रार होती का?"

"नाही."

"विचारलंत?"

विश्वजीत चिठ्ठी घेऊन थेट घरी निघाला.

रुचिरा त्या दिवशी घरूनच काम करत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि कारखान्यातला अपघात सांगावा तसं एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. अपघात झाला की कुणाला झापायचं नाही, मूळ सापडेपर्यंत 'का' विचारत जायचं, हे त्याने तिला जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकवलं होतं की ते तिला पाठ होतं.

"का केलंस?"

"वाढावं म्हणून."

"का वाढावं?"

"तुला कमी पडत असेल असं वाटलं."

"का वाटलं?"

"व्हिडिओत सांगितलं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"ते म्हणाले, पत्नी कधीच सांगत नाही."

रुचिराने लॅपटॉप मिटला. "ज्याने मला कधी बघितलं नाही, त्याला माझ्या मनातलं कळतं. मी रोज तुझ्या शेजारी झोपते, पण मला विचारायचं नाही." तिने लॅपटॉप बाजूला ढकलला. "मी तुला नकोशी झालेय असं वाटत होतं रे मला. दोन महिने. म्हणून नाशिकला हो कळवून टाकलं, आज सकाळीच."

दवाखान्यात वाटली नव्हती इतकी लाज विश्वजीतला आत्ता वाटली. करिअरबद्दलचं एक छान वाक्य पुन्हा जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," तो म्हणाला. "भीती वाटतेय मला. पण तुला काय हवंय?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं.

"नखंसुद्धा कापलीस?"

"हो."

तिने फोन उचलून साहेबांना लावला. "सर, रुचिरा बोलतेय. सकाळचा माझा मेल पुढे पाठवू नका, प्लीज. नाही, प्रॉब्लेम काही नाही. घरी विचारायचं राहून गेलं होतं."