ऑन-रोड किमतीतल्या ओळी

सुकापूरच्या परेश भोपीने आयुष्यात कधी कुणाशी घासाघीस केली नव्हती, आणि याचा त्याला अभिमान होता. हॉटेलचं बिल तो न वाचता भरायचा. भाव विचारणं म्हणजे खिसा रिकामा असल्याची जाहिरात, असं त्याचं ठाम मत होतं. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात तो सुपरवायझर होता. चौतिसाव्या वर्षी घरात पहिली गाडी येणार होती, आणि ती त्याला रुबाबात आणायची होती.

शोरूमने दिलेला कागद त्याने संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवला. दिपिकाने तो उचलून वाचला.

"जाहिरातीत सात लाख चाळीस हजार होते ना? इथे सव्वानऊ लाख लिहिलेत."

"ती एक्स-शोरूम किंमत गं. ही ऑन-रोड. त्यात टॅक्स वगैरे सगळं येतं."

"पण 'वगैरे' म्हणजे काय काय?"

"सगळ्यांना लागतं तेच. पन्नासेक हजार कमी पडतायत. तुझ्या फीचे ठेवलेत त्यातून भागवू. तू पुढच्या वर्षी ॲडमिशन घे."

दिपिका एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मदतनीस होती. खारघरच्या कॉलेजात लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करायचा, म्हणून दोन वर्षं ती त्यासाठी पैसे साठवत होती. तिने कागद घडी करून त्याच्या हातात दिला आणि ताटं उचलली. परेशला ते लागलं, पण गाडीचं सुख मोठं होतं.

शनिवारी दिपिकाची ड्युटी होती, म्हणून रंग पसंत करायला तो आई भीमाबाईला घेऊन शोरूमला गेला. भीमाबाईने पस्तीस वर्षं पनवेलच्या मच्छी मार्केटात मासळीची पाटी लावली होती. अक्षरं तिला जेमतेम लागत, आकडे मात्र लांबूनच दिसत. सेल्समन अपूर्वने सहीसाठी कागद पुढे केला, तसं तिने एका आकड्यावर बोट ठेवलं.

"यो सत्तावीस हजार कशाचा?"

"ॲक्सेसरीज किट, आजी. मॅट, सीट कव्हर, बॉडी कव्हर."

"आनि यो बारा हजार?"

"हँडलिंग चार्जेस. गाडी आमच्या गोडाउनातून इथे आणण्याचे."

"मंग आमी गाडी कुटून घेनार होतो? गोडाउनातून?"

शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघू लागलं. परेशचे कान तापले. "आई, पुरे. हा बाजार नाही." तो तिला चहाच्या निमित्ताने बाहेर पायऱ्यांवर घेऊन आला.

"बाजार नाय?" भीमाबाई म्हणाली. "मंग पैशे कशाला घेतात?"

"लोक बघत होते. आपण काय भिकारी आहोत का, एकेक रुपया विचारायला?"

भीमाबाई पायरीवर बसली. तिने त्यालाही बसवलं.

"माज्याकडं दोन जातीची गिऱ्हाइकं यायची. एक मावऱ्याचे कल्ले उघडून बघायचा, भाव विचारायचा, मंग घ्यायचा. दुसरा रुबाबात यायचा. मावशी, द्या दोन किलो, आनि पैशे टाकायचा."

"मग? त्या दुसऱ्याला तू काय द्यायचीस?"

"खरा सांगू? कालचा मावरा. आजच्या भावानं. आनि वर तो मना थँक्यू बोलून जायचा."

आईने ही गोष्ट आजवर कधी सांगितली नव्हती.

"चुकलाच माजा. पन त्याची इज्जत मना कवा वाटली नाय. जो विचारायचा, त्याच्यासाटी मी चांगला मावरा बाजूला काडून ठेवायची. विचारनारा भिकारी नसतो, परेश. त्याला आपल्या घामाची किंमत ठावकी असते. आनि ह्ये पैशे तुज्या एकट्याचे नाय. सुनेच्या कॉलेजचे हायेत."

परेशने मान खाली घातली. यार्डात सीलचा नंबर जुळल्याशिवाय तो एकाही कंटेनरच्या कागदावर सही करत नसे. तिथे कुणी त्याला भिकारी म्हणालं नव्हतं. उलट त्याच काटेकोरपणावर त्याला बढती मिळाली होती. दुसऱ्याच्या मालासाठी डोळ्यांत तेल घालणारा हा माणूस स्वतःच्या पैशांच्या वेळी डोळे मिटून सही करायला निघाला होता!

तो उठून आत गेला. खुर्ची पुढे ओढून त्याने कागद सरळ केला.

"अपूर्व, एकेक ओळ सांगा. यातलं सरकारला काय जातं, कंपनीला काय जातं आणि शोरूमला काय राहतं?"

अपूर्वने घसा खाकरून सांगायला सुरुवात केली. गाडीची किंमत कंपनीची. रोड टॅक्स आणि नोंदणी सरकारची, त्यात कुणी काही कमी करू शकत नाही. विमा कायद्याने लागतोच, पण तो कुठूनही घेता येतो. किट ऐच्छिक. वाढीव वॉरंटी ऐच्छिक. हँडलिंगपाशी तो अडखळला आणि मॅनेजर कृष्णकांत आले.

"सर, हा चार्ज सगळेच भरतात. सिस्टिममध्येच आहे."

"हरकत नाही," परेश शांतपणे म्हणाला. "कोणत्या नियमाने घेता ते शोरूमच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. लगेच भरतो."

कृष्णकांतांनी कागदाकडे पाहिलं, मग परेशकडे. मग पेन काढून ती ओळ खोडली. किटची ओळही गेली.

विम्यासाठी परेशने दिपिकाला फोन लावला. पाच मिनिटांत तिने दुसऱ्या कंपनीचा आकडा सांगितला. शोरूमचे शेहेचाळीस हजार, तिथे एकतीस, संरक्षण तेवढंच.

"बाहेरचा विमा घेतला तर क्लेमला त्रास होतो, सर," कृष्णकांत म्हणाले.

परेशने फोन स्पीकरवर टाकला. "त्यांच्या कॅशलेस यादीत याच शोरूमचं वर्कशॉप आहे," दिपिकाचा आवाज आला. "मी आधी तेच बघितलं."

कृष्णकांत हसले. तो विषय तिथेच मिटला. वाढीव वॉरंटी मात्र परेशने ठेवली. उरणच्या रस्त्यावर रोजची धाव होती. ते पैसे त्याने समजून-उमजून दिले. नव्या कागदावर चोपन्न हजार कमी झाले होते. अपूर्व हळूच म्हणाला, "आम्हाला टार्गेट असतं, सर. विचारणाऱ्यालाच आम्ही सांगू शकतो."

"दिपिका," परेश फोनवर म्हणाला, "फी सोमवारी भरून टाक. आणि परवा मी न विचारता तुझे पैसे गाडीत घातले, ते माझं चुकलं."

पलीकडून ती म्हणाली, "रंग कोणता घेतला?"

तो सही करून उठत होता तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आले. खांदा कॉलनीतले निवृत्त शिक्षक होते. "आमच्याही कागदावर ती बारा हजारांची ओळ आहे हो. विचारायचं कसं, तेच कळत नव्हतं." परेशने आपली खुर्ची त्यांच्या टेबलाकडे वळवली.

वाचकहो, गाडी घ्या, हौसेने घ्या. पण एकूण आकड्यावर सही करू नका. प्रत्येक ओळ कुणाची आहे ते विचारा, सरकारचं सरकारला द्या, हवं ते ठेवा, नको ते खोडायला सांगा. प्रश्न विचारल्याने माणूस लहान होत नाही. आपण गप्प बसतो, तेव्हा आपल्यामागून येणाऱ्यालाही तीच ओळ भरावी लागते.