पाहिलेल्या प्राण्यांची यादी

मी एक कागद बोलतोय. दोन्ही बाजूंनी छापलेला, चार घड्या पडलेला, एका कोपऱ्यावर चहाचा डाग असलेला. रद्दी म्हणून बाजूला सारू नका. माझ्यावर एका माणसाचं दुसरं आयुष्य लिहिलेलं आहे.

माझा जन्म डहाणूतल्या तुषारच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. शेजारच्या थप्पीतले कागद आधार कार्डाच्या आणि सातबाऱ्याच्या प्रती झाले. माझ्यावर मात्र चौकटी छापल्या गेल्या : नाव, बळ, चपळाई, जीव. तुषारला टेबलावर बसून फासे टाकत खेळायच्या कल्पित साहसांचं वेड होतं. दर रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून तो मित्रांना जमवायचा. तो गोष्ट सांगणार, बाकीचे त्यातली पात्रं होणार. मी दिपकच्या वाट्याला आलो. कासा ते वरचे पाडे अशी जीप चालवणारा हा दिपक.

त्याने पात्र निवडलं ते ड्रुइडचं. "म्हणजे समज आपल्याकडचा भगत," तुषारने समजावलं, "पण हा जनावराचं रूप घेऊ शकतो." दिपक खूश झाला. पात्राचं नाव त्याने पळसू ठेवलं.

लोकांना वाटतं, रूप बदलता आलं की सगळं जमलं. तसं नसतं. माझा अर्धा मागचा भाग नुसत्या अटींनी भरलेला आहे. एका विश्रांतीनंतर दोनदाच रूप घेता येतं. वरची पायरी गाठेपर्यंत उडणारं जनावर होता येत नाही. जनावर असताना बोलता येत नाही. आणि जनावराचा जीव संपला, की माणूस परत येतो, वर उरलेला मार त्या माणसाला बसतो. त्या उरलेल्या मारासाठी माझ्यावर एक वेगळी चौकट आहे.

शेवटची अट अशी, की पाहिलेल्याच जनावराचं रूप घेता येतं. इथे तुषारने गोंधळ घातला. पात्राने पाहिलेलं, असा खरा नियम. याने इंग्रजीतून मराठीत उतरवताना लिहिलं, 'खेळणाऱ्याने स्वतः पाहिलेलं'. चूक पुढे कळली, पण तोवर सगळ्यांना तीच आवडली होती. मग दक्षाने भर घातली. ती दिपकच्या वाटेवरच्या पाड्यातली, डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात कामाला. ती म्हणाली, "नुसतं पाहिलं म्हणून नाय चालणार. कुठं पाहिलं ते लिहायचं. आणि पहिल्यांदा रूप घेताना कसं पाहिलं ते सांगायचं. नायतर कोणी पण हत्ती होईल."

त्या दिवसापासून मी जीपच्या कप्प्यात, गाडीच्या कागदांसोबत राहू लागलो. यादी वाढू लागली. मुंगूस, चारोटी नाका. घोरपड, शाळेमागचा बांध. समुद्री कासव, डहाणूला जखमी कासवांवर उपचार करतात तिथे. वटवाघूळ, चिखले, ते लिहून काही उपयोग नव्हता, तरी लिहिलं. बिबट्या मात्र राहिला होता. पाड्यापाड्यांतून बातम्या यायच्या, पण दिपकला कधी दिसला नाही. "एकदा दिसू दे रे," तो स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचा. मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

जानेवारीतली पहाट होती. धुकं होतं. दिपक रिकामी जीप घेऊन पहिल्या फेरीचे पॅसेंजर आणायला वर निघाला होता. डावीकडून काहीतरी झेपावलं आणि गाडी जोरात हादरली. मी कप्प्यातून खाली पडलो. दिव्यांच्या उजेडात बिबट्या उठत होता. मागचा एक पाय त्याला टेकत नव्हता. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं आणि पाय ओढत तो झुडपात शिरला.

दिपकने फोन काढला. जखमी प्राणी दिसला तर कळवायचा नंबर नाक्यावरच्या भिंतीवर रंगवलेला आहे, रोज येता-जाता वाचून त्याला पाठ होता. सगळे आकडे दाबले. मग, केस होईल, जीप घेऊन जातील, असं स्वतःशीच पुटपुटत त्याने ते एकेक करून पुसले. ओढ्यावर थांबून बंपर धुतला. आणि मग, हे सांगायला मला लाज वाटते, त्याने मला खालून उचललं आणि यादीत लिहिलं : बिबट्या. क्षणभर त्याच्या तोंडावर आनंद होता. 'कुठे' पुढची जागा त्याने कोरी सोडली.

चार दिवसांनी सकाळी दक्षाचा फोन आला. तिची आई ठकी शेळ्या सोडायला गोठ्यात गेली होती. आत बिबट्या होता. जवळची गाडी दिपकचीच. मागच्या सीटवर ठकी आडवी, तिचा उजवा हात साडीत गुंडाळलेला, डोकं दक्षाच्या मांडीवर. कासा येईपर्यंत ती एवढंच बोलली, "लंगडं होतं गं ते. पाय वढत होतं. त्याला पळता पण येत नव्हतं."

दिपकने ऐकलं.

कासाच्या दवाखान्यातून तिला सिल्वासाला नेलं. हात कोपरापासून काढावा लागला. बिबट्या तीन दिवसांनी ओहोळात मरून पडलेला सापडला, मागचा पाय सडलेला. दक्षाने कारखाना सोडला. आईला भरवायला, वेणी घालायला कोणीतरी हवं होतं.

खेळ बंद पडला तो मार्चपर्यंत. मग एका रविवारी दक्षा आपणहून आली. "घरात नाय बसवत," म्हणाली. तिला बरं वाटावं म्हणून तुषारने गोष्ट जोरात रंगवली. दक्षाच्या पात्राला कड्यावर लांडग्यांनी घेरलं. पळसूला आता एकदाच रूप घेता येणार होतं.

"दिपक, बिबट्या हो ना," तुषार म्हणाला. "यादीत आहे की!"

"घोरपड होतो," दिपक म्हणाला.

"घोरपड काय करणार? मी मरेन ना!" दक्षा दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. "बिबट्या हो. आणि सांग कसा पाहिला. मी कुठं पाहिलाय, आईनंच पाहिला."

दिपकने फासा उचलला, खाली ठेवला. मग त्याने सांगितलं. धुकं, धक्का, न टेकणारा पाय, फोनवर दाबून पुसलेले आकडे. मान वर न करता सगळं सांगितलं.

दक्षाने विचारलं, "कधी?"

"आईच्या आधी. चार दिवस."

"तेव्हा एक फोन केला असतास तर?"

दक्षाने पेन्सिल घेतली आणि माझ्यावरच्या कोऱ्या जागेत रस्त्याचं नाव आणि तारीख लिहिली. इतकं दाबून, की त्या जागी मी फाटलो. मग माझी घडी घालून ती निघून गेली.

आता मी तिच्या घरी पत्र्याच्या पेटीत, दवाखान्याच्या कागदांमध्ये असतो. आईने एकदा विचारलं, "हा कसला गं?" दक्षा म्हणाली, "त्यातलाच आहे." तिने आईला सांगितलेलं नाही. का, ते मला माहीत नाही. मला वाटतं, ते दिपकने सांगावं असं तिला वाटत असेल.

रोज सकाळी दिपकची जीप दारासमोर थांबते. हॉर्न वाजत नाही. दक्षा बाहेर जात नाही. ठकी ओट्यावर बसून डाव्या हाताने शेंगा सोलत असते आणि दरवेळी म्हणते, "आपल्याला दवाखान्यात नेणारा पोरगा. चहा तरी पिऊन जा म्हणावं." थोडा वेळ इंजिनाची घरघर ऐकू येते, मग जीप पुढे जाते.

उरलेल्या माराची चौकट माझ्यावर अजून रिकामी आहे. दिपक, जनावर असताना बोलता येत नाही ही अट माझ्यावरच लिहिलेली आहे, मला पाठ आहे. पण तू जनावर नाहीस. बिबट्या मेला, पण नियमाने तुझ्या वाट्याचा उरलेला मार त्या म्हातारीला बसला. उद्या गाडी थांबवलीस की इंजिन बंद कर आणि खाली उतर. ती ओट्यावरच असेल.