माणसं वगळून

जुन्या इमारतींचे फोटो काढणाऱ्यांना एक माज असतो. मलाही होता, आणि चांगला पोसलेला होता. आठवडाभर नारायणगुड्याच्या बँकेत काउंटरवर बसायचं आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून पडक्या कमानी शोधत हिंडायचं. आमचा पाचसहा जणांचा गट होता. नियम एकच, चौकटीत माणूस नको. माणसाची खूणसुद्धा नको. बादली नको, दोरी नको, प्लास्टिकची खुर्ची तर नकोच नको. माणूस दिसला की जागा विसरलेली वाटत नाही, आणि विसरलेली वाटली नाही तर आमच्या पेजवर कुत्रंही फिरकत नाही.

गौलीगुड्याच्या मागच्या गल्लीतला मुसाफिरखाना मला असाच एका रविवारी सापडला. कुण्या कापडवाल्या शेठने बांधलेला, वीस कमानी, मधे चौक. आणि कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत देवराव आणि सरुबाई हे म्हातारं जोडपं. देवराव बिलोलीकडचे. बेचाळीस वर्षांपूर्वी शेठने त्यांना राखणीला ठेवलं आणि राहायला या दोन खोल्या दिल्या. शेठ गेला, पगार थांबला, हे दोघं राहिले. मुलगा बुद्धभूषण तिथेच जन्मला. तो आता एका दवाखान्यात लिफ्ट चालवतो आणि बायको-पोरांना घेऊन दिलसुखनगरला एका खोलीत राहतो. त्या खोलीत आणखी दोन माणसं आडवी होणं शक्य नाही.

पहिल्याच दिवशी मी सरुबाईंना म्हणाले, "मावशी, तेवढी दोरीवरची लुगडी काढता का? आणि ती बाज आत घ्या जरा."

"हाव, घेते की," त्या म्हणाल्या आणि वर चहाही पाजला.

मग हे दर महिन्याचं झालं. आमचा गट यायचा, सरुबाई सामान आत घ्यायच्या. एकदा आम्हाला त्यांच्या खोल्यांच्या रंगीत काचा हव्या होत्या. तर दोघा म्हाताऱ्यांनी चूल, भांडी, बाज, भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, सगळं हातगाडीवर घालून समोरच्या गोदामात नेऊन ठेवलं. धुराने काळी झालेली भिंत देवरावांनी कोणी न सांगता चुन्याने पोतारली. "फोटोवाले यायलेत," असं सरुबाई गल्लीभर सांगायच्या. मला त्याची लाज वाटायला हवी होती. मला कौतुक वाटलं, तेही कामवालीचं वाटावं तसं.

फोटो सुरेख आले. मी खाली लिहिलं, 'चाळीस वर्षांपासून ओस. इथे आता फक्त पारवे राहतात.' नऊ हजार लोकांना ते आवडलं.

यंदाच्या जानेवारीत बुद्धभूषण बँकेत आला. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर काउंटरवर कागद ठेवले. शेठच्या नातवांनी मुसाफिरखाना एका बिल्डरला विकायला काढला होता. देवराव कोर्टात गेले होते, आम्हाला जबरदस्तीने काढू नका म्हणून. आणि समोरच्या वकिलाने माझे अकरा फोटो जोडले होते, खालच्या ओळीसकट.

"हे तुमचेच हैं ना मॅडम?" तो म्हणाला. "रिकामी बिल्डिंग है बोल्ले. आईबाबा अब्बी केससाठी घुसले बोल्ले. बाबाच्या आधारवर माझ्या रूमचा पत्ता है. तिथं पोस्टमन येत नव्हता ना, म्हणून मीच टाकलतो. करंटचं बिल शेठच्या नावावर. गल्लीतले कोणी बोलायला तयार नाहीत, बिल्डरला घाबरतात."

मी घरी जाऊन सगळे फोटो उपसले. तीन वर्षांचे, बाराशेच्या वर. एकातही ती दोघं नव्हती. कुठे कोपर, कुठे चपलेचा अंगठा आला होता, तो मीच संगणकावर पुसला होता, आणि मूळ फोटो जागा खातात म्हणून उडवून टाकले होते. त्या रात्री मला स्वतःची किळस आली.

मग मी प्रतिज्ञापत्र दिलं. ती ओळ खोटी आहे, ती दोघं तिथे राहतात, सामान मी हलवायला लावलं, असं सगळं लिहून दिलं. गटातल्या मंदारने "पेजचं नाव घालवलंस" म्हणून मला गटातून काढलं. बरं झालं. माझं प्रतिज्ञापत्र वाचून न्यायाधीशांनी एक वकील कमिशनर नेमला. त्याने जागेवर जायचं, कोणी राहतं का ते पाहायचं, फोटो काढायचे आणि अहवाल द्यायचा. देवरावांचा वकील म्हणाला, यावरच निकाल लागेल. मला इतका आनंद झाला की मी कोर्टातूनच सरुबाईंना फोन लावला.

"मावशी, मंगळवारी अकराला कोर्टाचे साहेब येणार आहेत फोटो काढायला. आपलं काम झालंच समजा."

"लै चांगलं झालं बगा, रेणूताई. तुमी काई काळजी करू नका. समदं नीट करून ठेवते."

मंगळवारी बुद्धभूषण रात्रपाळी करून थेट बँकेत आला. आम्ही रिक्षाने गेलो. पुतळीबावलीला गर्दीत अडकलो आणि अकराला पाच-सात मिनिटं उलटल्यावर पोचलो. कमिशनर आत होता. त्याच्याबरोबर समोरचा वकील, खुशीत.

दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. बाज नाही, चूल नाही, भांडी नाहीत. भिंती नुकत्या पोतारलेल्या, चुना अजून ओला. तसबिरींचे खिळेसुद्धा उपटलेले. चौकात सडा घातलेला. दोरी गायब. देवराव आणि सरुबाई फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे उभी होती, फोटोत येऊ नये म्हणून.

मी धावत कमिशनरपाशी गेले. सामान समोरच्या गोदामात आहे, मीच त्यांना ही सवय लावली, काय काय बोलले. गोदामाला कुलूप होतं, मालक माल आणायला गेलेला. कमिशनर वाईट माणूस नव्हता. त्याने माझं बोलणं टिपून घेतलं.

"पण बाई, मला जागेवर दिसतं ते लिहावं लागतं," तो म्हणाला, आणि आणखी चार फोटो काढले.

बुद्धभूषण उंबऱ्यावर बसला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आईला अब्बी काई बोलू नका. तिला कळंल तर मरंल ती."

कमिशनरची मोटार गेल्यावर सरुबाई रस्ता ओलांडून आल्या. हाताला चुना लागलेला, कपाळावर घाम. पहाटे चारपासून दोघं सामान वाहत होती.

"एक वाटीबी ठेवली नाई बगा," त्या म्हणाल्या. "मोठे साहेब येणार म्हणल्यावर खिळेबी काढले यांनी. बराबर केलं ना, रेणूताई?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "अगदी बरोबर केलंत, मावशी."