कान तेवढा जागा

कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर, दुधी काचेच्या खिडकीखाली, आजोबा झोपलेले असत. आजोबा म्हणजे लाल रबराची गरम पाण्याची पिशवी. तिला मागून एक नळी जोडलेली होती, नळीला छोटा पंप, आणि पंप चालू केला की पिशवी माणसासारखी सावकाश फुगायची, सावकाश खाली बसायची. मधेच, ठरवून दिलेल्या वेळी, श्वास रोखून धरायची. येताजाता सगळे तिची चौकशी करत. चहा आला की आजोबांना विचारल्याशिवाय कुणी कपाला तोंड लावत नसे.

आजोबांच्या पोटावर एक पट्टी बांधलेली होती, आणि साऱ्या कारखान्याचं पोट त्या पट्टीवर होतं. झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांनी ती छातीला बांधायची. श्वास दहा सेकंद थांबला की पट्टीने थरथरायचं. माणूस कूस बदलतो, श्वास परत सुरू होतो. एवढंच तिचं काम. सेन्सर ठरला होता, चिप ठरली होती, कापडाचा रंगसुद्धा बरीच भांडणं होऊन ठरला होता. घोडं अडलं होतं ते चिपवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची यावर. म्हणजे पट्टीचा घरकारभार कुणाच्या हाती द्यायचा यावर.

स्थळं दोन होती. कारखान्यात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली ऐसपैस, हौशी. फोनशी बोलणं, श्वासाचा रंगीत आलेख काढणं, स्वतःतले नवे बदल आपोआप उतरवून घेणं, तिला सगळं येत होतं. धाकटीला जवळजवळ काहीच येत नव्हतं. ठरल्या वेळी उठायचं, श्वास चालू आहे का बघायचं, परत झोपायचं. डागकाकांना धाकटी पसंत होती. डागकाका म्हणजे बोर्डांना सोल्डरचे डाग देत बसणारे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. त्यांचं मत कुणी विचारत नसे आणि ते रोज देत असत.

निर्णय ठमीचा होता. घरचं लाडाचं नाव आईने एकदा फोनवर मोठ्याने घेतलं, ते शेजारच्या टेबलाने ऐकलं, आणि बत्तीस वर्षांची, सगळ्या प्रोग्रॅमची जबाबदारी अंगावर असलेली ही बाई तेव्हापासून कारखान्यातही ठमीच झाली. बाई हुशार होती, पण नाकावर माशी बसू देत नसे. सहा महिने ती थोरलीचे गोडवे गात होती. आजोबांवर दोघींची परीक्षा झाली, दोघीही पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाल्या. मग ज्या मुलीला सगळं येतं तीच करायची, यात विचार कसला करायचा, असं ती म्हणे. मालकीणबाईंनी गुरुवारी गिऱ्हाईकं बोलावली होती. त्यांना थोरली दाखवायची, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं.

पण ठमीचा जीव गुरुवारात नव्हता. तो होता घरी, आईबाबांच्या खोलीत.

बाबांचा श्वास दोन वर्षांपासून झोपेत अडत होता. दवाखान्याने दिलेला हवेचा मास्क त्यांना सोसेना, घुसमटून ओढून टाकत. तेव्हापासून आई त्यांच्या शेजारी उशीला टेकून बसायची आणि एक हात त्यांच्या छातीवर ठेवायची. हाताचं वरखाली होणं थांबलं की बाबांना हलवायची. दोन वर्षं तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, असं म्हणण्याची पद्धत असते. इथे ते शब्दशः खरं होण्याच्या बेतात होतं. दिवसा ती घरातून तरंगत असल्यासारखी फिरे. कपाटाशी जाऊन उभी राही आणि काय काढायला आलो ते तिला आठवत नसे. एकदा तिने नळ सोडला आणि पाण्याकडे बघताबघता उभ्याउभ्याच पेंगली. ठमीने नळ बंद केला, आईला धरून खुर्चीवर बसवलं आणि मनाशी ठरवलं की ही पट्टी जगाने घेवो न घेवो, आईला झोप मिळाली पाहिजे.

म्हणून रविवारी तिने थोरली बसवलेली एक पट्टी पर्समध्ये घालून घरी आणली होती. दुपार कलती होती, पडदे ओढलेले, खोलीत पिवळसर उजेड साचलेला. बाबांना पट्टी बांधली, फोनवर आलेख लावून दिला. आईने हिरव्या रेषेची ती लाट कौतुकाने पाहिली आणि मग विचारलं, हे बघत बसायचं का मी रात्रभर? ठमी हसली. तसं नाही गं, तू झोपायचं, पट्टी बघेल, आणि आज काहीही झालं तरी हात लावायचा नाही, असं तिने आईला बजावलं.

बाबा झोपले. पडदा वाऱ्याने आत यायचा, परत खिडकीला टेकायचा, आणि ठमीला वाटलं की सगळी खोलीच सावकाश श्वास घेते आहे. मग एका क्षणी बाबांची छाती वर गेली आणि खाली आलीच नाही. ठमी मनात मोजू लागली. आईही मोजत होती, तिचे ओठ हलत होते. दहा झाले. पट्टी गप्प. अकरा. बारा. आईचा हात बाबांच्या छातीवर वीतभर उंचावर थांबला होता, लेकीने सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही. चौदाला तिने लेकीकडे पाहिलंही नाही, सरळ बाबांचा खांदा हलवला. बाबांनी मोठा श्वास घेतला आणि कूस वळवली. त्यानंतर पाच सेकंदांनी, चांगला चालू असलेल्या श्वासावर, पट्टी थरथरली.

आईने नुसती उशी सरळ केली आणि तिला टेकून बसली. रागावली असती तर ठमीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. ठमी त्यांच्या पायाशी जाऊन बसली. बाबांनी चाळीस वर्षं एका सात मजली इमारतीत लिफ्ट चालवली होती. स्टुलावर बसल्याबसल्या झोपायचे आणि तरी एकही घंटा त्यांनी कधी चुकवली नव्हती, ही घरातली जुनी बढाई होती. ते कसं जमायचं, असं तिने आज पहिल्यांदाच खरोखर विचारलं.

"कान तेवढा जागा ठेवायचा," बाबा म्हणाले. "बाकी सगळं झोपलं तरी चालतं. आमच्याकडे एक नवा आला होता बघ, माझ्याहून हुशार, चार भाषा यायच्या. पण घंटा वाजली की तो आधी टोपी शोधायचा, मग कोटाची बटणं लावायचा, मग आरशात बघायचा. तोपर्यंत पाचव्या मजल्यावरचा माणूस जिना उतरून गेलेला असायचा."

"मग काय केलं त्याचं?"

"काही नाही. बसवला तळमजल्यावर, लोकांना पत्ते सांगायला. तिथे झकास चालला. माणूस वाईट नव्हता गं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. ठमी आजोबांच्या शेजारी टेबलावर डोकं टेकून बसली. कालचा विचार करताकरता तिचे डोळे मिटले. पंपाचा आवाज लांब गेला, आणि ती लिफ्टमध्ये होती. लिफ्ट वर चालली होती, मजले मोजदाद विसरून गेले होते. प्रत्येक मजल्यावर जाळीपलीकडे आई उभी, कपाटासमोर, काय काढायला आलो ते आठवत. ठमीला दार उघडायचं होतं, पण आधी कोटाची बटणं लावायची होती, आणि कोट संपतच नव्हता, बटणांखाली बटणं होती. घंटा वाजत होती. ती तिच्या छातीतच वाजत होती.

ती दचकून जागी झाली. समोर बोर्डावरचा हिरवा दिवा जळत होता. चिप जागी असताना तो जळतो, बॅटरी वाचवायला झोपली की विझतो. ठमी त्याच्याकडे बघत राहिली, अर्धवट झोपेत बघतात तशी. एक मिनिट गेलं, दोन गेली. दिवा विझलाच नाही. काल घरी पट्टीवरचा दिवा मात्र सारखा विझत होता, हे तिला आठवलं आणि तिची झोप साफ उडाली.

बोर्डाला एक पांढरी वायर जोडलेली होती, तपासणीची. चिपच्या पोटात काय चाललंय ते तिच्यातून संगणकावर दिसायचं. जगातल्या सगळ्या अशा टेबलांवर ती असते, आणि ती असेपर्यंत चिप झोपत नाही. हे ठमीला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून सहा महिने ती वायर कुणीही काढली नव्हती. सहा महिने चिपला हलवून जागं ठेवायचं आणि मग कशी छान जागी आहे म्हणून गुण द्यायचे, असा तो कारभार झाला होता. तिने वायर उपटली. दिवा विझला. आजोबांनी श्वास रोखला. थोरली उठली, आवराआवर करू लागली, फोनला हाक मारू लागली, आणि सतराव्या सेकंदाला तिचं लक्ष श्वासाकडे गेलं.

ठमीचे कान गरम झाले. तिला रडूच आलं खरं तर, आपल्याच हट्टाचं, आणि वीतभर उंचावर थांबलेल्या त्या हाताचं. मग तिने डोळे पुसले, धाकटीचा बोर्ड काढला आणि त्याचीही वायर उपटली. दिवा विझला. श्वास थांबला. दहाव्या सेकंदाला पट्टी थरथरली आणि दिवा परत विझला. तिने वीस वेळा करून पाहिलं. जेवून आलेले डागकाका मागे उभे राहून बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मत दिलं नाही.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या व्यवहाराच्या पक्क्या होत्या, पण मनाच्या कोत्या नव्हत्या. त्यांनी मार्ग सुचवला: थोरलीला झोपूच द्यायचं नाही, बॅटरी मोठी घालायची, पट्टी जरा जाड होईल, होऊ दे. गिऱ्हाइकांना आलेख आवडतो. ठमीनेच त्यांना तो आवडायला लावला होता, हेही त्यांनी तिला शांतपणे आठवून दिलं.

मार्ग खोटा नव्हता. ठमीला हो म्हणता आलं असतं. सहा महिन्यांचं बोलणं राहिलं असतं, नाकही राहिलं असतं.

"जाड पट्टीचं चालेल," ती म्हणाली. "पण आलेख दिलात तर माझी आई तो बघत बसेल. सगळ्यांच्याच आया बसतील. मला असं काहीतरी द्यायचंय की ज्याच्याकडे बघायलाच नको. धाकटीच घेऊ या. मी चुकले होते."

मालकीणबाईंनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. मग गुरुवारची गिऱ्हाईकं त्यांनी तीन आठवडे पुढे ढकलली, आणि या तीन आठवड्यांत काही निसटलं तर तुझी खैर नाही, असंही सांगितलं. ठमीने आनंदाने मान हलवली. वायर तिने खणात टाकली आणि खणाची किल्ली डागकाकांकडे दिली. बारा दिवस आजोबा बिनवायरीचे झोपले. पाच हजारांवर वेळा त्यांनी श्वास रोखला आणि एकदाही धाकटीला उशीर झाला नाही.

तेराव्या दिवशी, रविवारीच, ठमीने बाबांना नवी पट्टी बांधली. ना आलेख, ना रेषा, फोन स्वयंपाकघरात ठेवलेला. यावेळी तिने आईला काहीच बजावलं नाही. आई नेहमीसारखी उशीला टेकून बसली, हात छातीवर. पहिल्यांदा श्वास अडला तेव्हा दोघींनी मोजलं. दहाला पट्टी थरथरली, बाबांनी कूस वळवली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा आईचे ओठ पाचपर्यंत हलले आणि थांबले. जरा पाठ टेकते, असं ती पुटपुटली, आणि तिची मान उशीवरून घरंगळली.

ठमी दाराशी जमिनीवर बसून राहिली. तिला हलावंसं वाटेना. भिंतीवरचा उजेड खुर्चीवर आला, खुर्चीवरून जमिनीवर उतरला. तिलाही केव्हातरी झापड आली असावी, कारण तिने डोळे उघडले तेव्हा खोलीत करडा अंधार होता आणि आई अंथरुणावर उठून बसली होती, केस विस्कटलेले, घाबरीघुबरी.

"किती वेळ झोपले मी? कुणी उठवलं का नाही मला?" ती जवळजवळ ओरडलीच. "यांचा श्वास?"

बाबा टक्क जागे होते. कूस तिच्याकडे केलेली, गालाखाली हात.

"चार तास झोपलीस," ते म्हणाले. "मघाशी पट्टीने मला जागं केलं, मग परत झोपलोच नाही. तू घोरत होतीस."

"काहीतरीच. मी कधी घोरत नाही."

"घोरतेस. मी विसरूनच गेलो होतो." बाबांनी डोळे पुसले. "ऐकत पडलो होतो."

आईने विस्कटलेले केस मागे सारले. मग आपण घोरतो का, असं तिने ठमीला विचारलं, आणि ठमीने उठून तिची उशी झोपण्यासारखी आडवी ठेवली.