दोन शाली आणि एक पाहुणी

नांदेड आणि लातूर यांच्यात वैर आहे, असं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या अचूक ठरणार नाही. वैराला निदान एखादं कारण लागतं. इथे फक्त अंतर आहे, आणि ते कोणी कापायचं एवढाच प्रश्न आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. नांदेडच्या एका धर्मादाय रुग्णालयात काचपट्ट्यांवरच्या पेशी पाहतो आणि शक्य तितकं कमी बोलतो. गेल्या वर्षी आमच्या रुग्णालयाने आणि लातूरच्या एका कर्करोग केंद्राने मिळून काम करायचं ठरवलं. विभागणी सोपी होती. कर्करोगतज्ज्ञ लातूरला होते, डॉ. रविकांत बिरादार. आमच्याकडे तसं कोणी नव्हतं. मात्र रिकाम्या खाटा होत्या आणि डॉ. रेणुका होती. तिने लातूरला बिरादारांच्या हाताखाली राहून केमोथेरपी देण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. बिरादारांनी उपचाराचा आराखडा करायचा, रेणुकाने तो नांदेडला अमलात आणायचा आणि रुग्णाने आपल्या घराजवळ राहायचं. योजना इतकी सरळ होती की ती चालणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अडचण मानाची निघाली. बिरादारांच्या मसुद्यात लातूर हे मुख्य केंद्र होतं आणि नांदेड हे उपकेंद्र. आमचे अधीक्षक डॉ. शेषेराव मुखेडकर यांनी मसुदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मजकूर बदलला नव्हता.

"उपकेंद्र?" ते मला म्हणाले. "धम्मानंद, उपकेंद्र खेड्यात असतं. तिथं पोलिओचे थेंब देतात."

समेटासाठी संगणकाच्या पडद्यावर बैठक ठरली. पण बैठक जो सुरू करतो त्याच्या नावापुढे पडद्यावर 'होस्ट' असं लिहून येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. होस्ट म्हणजे यजमान. यजमान म्हणजे मुख्य केंद्र. म्हणून दोघांनी आपापली बैठक सुरू केली, आपापली लिंक दुसऱ्याला पाठवली आणि दुपारभर एकमेकांची वाट पाहत आपापल्या पडद्यावर एकटे बसून राहिले. संध्याकाळी दोघांनीही समोरची बाजू गैरहजर होती, अशी लेखी नोंद केली. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या.

या सगळ्यात कस्तुराबाई अडकल्या होत्या. अर्धापूरजवळ त्यांची केळीची बाग. त्यांच्या छातीतल्या गाठीशी माझी ओळख त्यांच्याआधी झाली होती. गाठ वेळेत काढली गेली होती. केमोचे सगळे डोस पूर्ण झाले, तर बरं होण्याची शक्यता चांगली होती. मध्येच सुटले, तर तितकी चांगली नव्हती. याहून ठाम विधान माझ्या शाखेत करता येत नाही, पण ते पुरेसं गंभीर होतं. पहिला डोस त्यांनी लातूरला घेतला. त्याला तीन आठवडे होत आले होते, दुसरा आता द्यायला हवा होता आणि त्यांनी साफ नकार दिला होता.

"येष्टीत बसले अन् चाकूरला उलटी सुरू झाली," त्यांनी रेणुकाला सांगितलं होतं. "ते लोहा आलं तरी थांबंना. कंडक्टर म्हनला, मावशी, मी नोकरी सोडतो पर तुम्ही थांबा. मी न्हाई जात आता लातूरला. जे व्हायचं ते केळीत बसून होऊ द्या."

रेणुकाने पुष्कळ समजावलं. तपासणीसाठी अर्ध्या वाटेवर यायला तेवढ्या त्या तयार झाल्या. बिरादारांचं म्हणणं असं की, रुग्णाला पाहिल्याशिवाय आपण काही ठरवणार नाही. मुखेडकरांचं म्हणणं असं की, आपण लातूरला जाणार नाही. अशा रीतीने, वैद्यकीय कारणांनी नव्हे, अहमदपूरच्या एका मंगल कार्यालयात बैठक ठरली. अहमदपूर लातूर जिल्ह्यात आहे, याकडे मुखेडकरांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. बिरादार दर थोड्या वेळाने त्याची आठवण करून देत होते.

मंगल कार्यालयाला दोन पक्षांच्याच बैठकीची सवय असते. त्यामुळे खुर्च्या वरपक्ष आणि वधूपक्ष अशा समोरासमोर मांडल्या होत्या. एका बाजूला लातूर बसलं, दुसऱ्या बाजूला नांदेड, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला, भल्या मोठ्या कूलरच्या झोतात, कस्तुराबाई. केस गेल्यामुळे पदर कपाळापर्यंत ओढलेला. शेजारी त्यांचे दीर सटवाजी. ते माजी सरपंच होते. आयुष्यात इतके सत्कार केले आणि करून घेतले होते, की त्या विषयातलं त्यांचं मत अंतिम मानलं जाई. त्यांनी आल्याबरोबर सगळ्यांना केळी वाटली.

मुख्य प्रश्न वैद्यकीय होता आणि तो खरा होता. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. नांदेडला असं काही झालं तर जबाबदार कोण? बिरादार म्हणाले, "डोस तुमच्याकडं, जबाबदारी तुमची." मुखेडकर म्हणाले, "औषध तुम्ही ठरवणार, जबाबदारी तुमची." हे संवाद मी मसुद्याच्या काळापासून ऐकत होतो. पाठ झाले होते.

पण तिथपर्यंत पोहोचण्याआधी स्वागत होतं. आमच्याकडे स्वागताशिवाय बैठक सुरू होत नाही, आणि शाल घालतो तो यजमान, घालून घेतो तो पाहुणा. मुखेडकरांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. त्याच क्षणी समोरून बिरादारांनीही शाल काढली.

"या, डॉक्टरसाहेब," मुखेडकर शाल उलगडत म्हणाले. "आमचे पाहुणे तुम्ही."

"छे, छे. तुम्ही जिल्ह्याबाहेरून आलात. मान तुमचा."

"तुम्ही वयानं लहान. लहानाचं कौतुक आधी करावं."

"मोठ्यांच्या आधी? माझ्या आईला कळलं तर घरात घेणार नाही."

दोघेही पुढे सरकले. दोघांचेही हात शालीसह पुढे आणि मान मागे. शाल घालून घ्यायला मान किंचित वाकवावी लागते, हे मी पूर्वी कधी नोंदवलं नव्हतं. ते एकमेकांभोवती असे फिरू लागले की आखाड्याची आठवण यावी. स्वागतासाठी बोलावलेला फोटोग्राफर दोघांच्या मागेमागे फिरत होता. बिरादारांनी एकदा चपळाईने मुखेडकरांच्या उजव्या खांद्यावर शालीचं टोक टाकलं. मुखेडकरांनी खांदा असा झटकला, जणू माशी बसली असावी.

"सर," रेणुका हळूच मला म्हणाली, "यांना कुणीतरी थांबवा."

"मी प्रेतं आणि पेशी पाहतो," मी म्हणालो. "दोन्ही वाद घालत नाहीत."

तेवढ्यात टोकाच्या खुर्चीवरून आवाज आला.

"अवो, ती शाल कुनाला लागंना झाली तर हिकडं द्या. मला थंडी वाजून राहिली."

दोघेही जागच्या जागी थांबले. केमोनंतरच्या रुग्णाला थंडी वाजते, हे वाक्य कोणत्याही जिल्ह्यातल्या डॉक्टरला हलकं घेता येत नाही; पांढऱ्या पेशी घटल्या असतील आणि संसर्ग असेल, तर ती अंगावर येणाऱ्या संकटाची पहिली खूण असते. बिरादार धावले, नाडी धरली. मुखेडकर धावले, दुसरी नाडी धरली. रेणुकाने थर्मामीटर लावला. ताप नव्हता. मग सगळ्यांचं लक्ष कूलरकडे गेलं. मी तो बंद केला. बैठकीतलं माझं योगदान एवढंच.

पण शाली उलगडलेल्या होत्या. बिरादारांनी आपली कस्तुराबाईंच्या डाव्या खांद्यावरून घातली, मुखेडकरांनी उजव्या. फोटोग्राफरला अखेर काम मिळालं आणि त्याने फोटो काढला. सवयीने दोघांनी नारळही दिले.

सटवाजी उठून उभे राहिले आणि माइक नसताना माइकवर बोलावं तसं बोलले. "सत्कार झाला. दोघांनी केला, म्हंजे दोघं बी यजमान. ह्यात काय कमी-जास्त न्हाई. आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत मांडतील."

"मी काय बोलू भावजी?"

"दोन शब्द. पद्धत हाय."

कस्तुराबाईंनी दोन्ही नारळ मांडीवर नीट घेतले. "लातूरचे डॉक्टर चांगले हायत," त्या म्हणाल्या. "येष्टी चांगली न्हाई. दुसरी सलाईन नांदेडात द्या, मी येते. न्हाई दिली तर मपलं घर बरं. संपलं माझं."

टाळ्या वाजल्या. त्याही सवयीने.

"आता एक ध्यानात घ्या," सटवाजी खाली बसता बसता म्हणाले. "पाहुनीनं तोंड उघडून मागितलं. आमच्या गावात एकदा यजमानानं असं मागितलेलं दिलं न्हाई. कोन व्हता, नाव घेत न्हाई. घ्यायची गरजच न्हाई, सगळ्या पंचक्रोशीला ठाव हाय."

दोन्ही यजमानांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी बिरादार बोलले. "आराखडा मी आत्ताच लिहून देतो."

"खाट उद्यापासून राखीव," मुखेडकर म्हणाले.

"डोस चालू असताना मी पूर्ण वेळ पडद्यावर थांबेन."

"मी स्वतः वॉर्डात थांबेन."

"रेणुकाला मी शिकवलंय. शीर चुकली तर जबाबदारी माझी."

"रेणुका आमच्या नोकरीत आहे. जबाबदारी माझी."

"मी म्हणतो ना, माझी."

"कामून? तुमची कशी?"

शब्द तेच होते. फक्त दिशा बदलली होती. एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये, असं मला शिकवलं आहे. शालीमुळे हे घडलं, थंडीमुळे, की सटवाजींनी न घेतलेल्या नावामुळे, हे सांगता येणार नाही. 'मुख्य' आणि 'उप' हे शब्द रेणुकाने मसुद्यातून शांतपणे खोडले, तेव्हा दोघेही जबाबदारीवरून भांडत होते.

कस्तुराबाईंचं रक्त मी स्वतः तपासलं. पांढऱ्या पेशी पुरेशा होत्या. मी काचपट्टी दुसऱ्यांदा पाहिली, कारण मला ते खरं असायला हवं होतं, आणि अशा वेळी दुसऱ्यांदा पाहावं.

डोसच्या दिवशी रेणुकाला शीर पहिल्याच प्रयत्नात सापडली. राहिली होती पडद्यावरची बैठक. ती कोणी सुरू करायची, हा प्रश्न पुन्हा आलाच. मुखेडकरांचा हात फोनकडे गेला होता. रेणुकाने कस्तुराबाईंचा फोन मागितला आणि बैठक त्यावरूनच सुरू केली. पडद्यावर नाव उमटलं: कस्तुराबाई, होस्ट.

लातूरहून बिरादार प्रवेशासाठी थांबले होते. खाटेशेजारी उभे असलेले मुखेडकरही, नोंदीत आपलं नाव यावं म्हणून, स्वतःच्या फोनवरून प्रवेशासाठी थांबले.

"हे दोघं दारात उभे हायत जनू," कस्तुराबाई पडदा पाहून म्हणाल्या. "घेऊ का आत?"

"घ्या की," रेणुका म्हणाली.

"थांब जरा. उलटीच्या आधी खाऊन घेते." त्यांनी मोकळ्या हाताने केळं संपवलं, साल सटवाजींकडे दिली, अंगावरच्या दोन्ही शाली सारख्या केल्या आणि मग दोघांना आत घेतलं.