निबंधातला मेलेला आजोबा

आमच्या मामंजींना नातीनं निबंधात मारून टाकलं, आन् ते आष्ट्यात पारावर तंबाखू मळत बसलेलं. आता सांगताना हसू येतंय. तवा मातर हसायचं सुचत नव्हतं.

प्रियंका माझी थोरली. बारावीला तिला चांगलं मार्क पडलं, आन् विलायतेतल्या एका कॉलेजनं फी माफ करून बोलावलं. आपली बारावी तिकडं पुरी धरत न्हाईत म्हणं. म्हणून युनिव्हर्सिटीत घ्यायच्या आधी तिकडचा दोन वर्सांचा अभ्यास एकाच वर्सात उरकायचा, बाहेरदेशच्या पोरांसाठी तसा येगळा वर्गच हुता. मला त्यातलं काय कळतंय? जाळ मोठा केला की भाकरी लवकर हुती आन् करपतीबी, एवढं कळतंय. पण आमचं मालक यष्टीत ड्रायव्हर, त्यांनी साताऱ्याच्या स्टँडवर एका माणसाला सांगायचं ठेवलं न्हाई. विहारात पोरीचा सत्कार झाला. मामंजी त्यासाठी फेटा बांधून आष्ट्यासनं आलं, आन् जो भेटंल त्याला म्हणायचं, माझी नात हाय.

आन् जायला थोडं दिवस ऱ्हायलेलं असताना फॅक्स आला.

आमच्या घरात कुठला फोन? नाक्यावर लालासाहेबाचा एसटीडी बूथ हाय, तिथलाच नंबर अर्जात लिवला हुता. लालासाहेब सोता कागद घेऊन पळत आला, आन् मी तिथंच वळखलं. बरी बातमी असती तर ह्या बाबानं दारातनंच पेढं मागितलं असतं.

प्रियंकानं कागद वाचून दाखवला. मला का शिकायचंय, असा एक निबंध तिनं अर्जाबरोबर धाडला हुता. तसाच, शब्दाला शब्द, साताऱ्यातल्याच निमिष नावाच्या पोराचाबी गेला हुता. दोघांचा आजोबा शेतकरी. दोघांचाबी आजोबा वारलेला. आन् मरताना दोघांच्याबी डोक्यावर हात ठेवून म्हणला, बाळ, शीक. कॉलेजनं लिवलं हुतं, ही चोरी हाय. शुक्रवारी सांजच्याला फोन करू, पोरीशी बोलून बघू, न्हाई पटलं तर जागा रद्द.

चोरी म्हणल्यावर मला आई आठवली. माझी आई लोकांच्या खळ्यावर कामाला जायची. कुणाचं काय बी हरवलं की पयली तिची ओटी झाडून बघायचे. ती घरी येऊन निस्ती चुलीपुढं बसायची. पोरीला शिकवायचं मी ठरवलं ते त्यापायीच. आन् आता तिची ओटी झाडायला सातासमुद्रापलीकडनं माणसं येणार. निमिषच्या घरची तर म्हणालीच, तुमच्या पोरीनं आमच्या पोराचं बघून लिवलं असणार.

आवं, पण चोरी कशी? पोरीनं तर पाठ केलं हुतं! दोघं शिकवणीला जायची त्या नानासो सरांच्या क्लासात सगळ्यांना एकच निबंध. जो काना-मात्रा न चुकता उतरवंल, त्याची सर पाठ थोपटणार. त्यांना तरी काय म्हणू? मीबी तिला ल्हानपणापासनं रोज दिवेलागणीला समोर बसवून वंदना पाठ म्हणून घेतली. पाठ केलं की ते आपलं झालं, असंच आमी समजत आलो. पुस्तक कुणीबी हिसकावून घेईल, तोंडात हाय ते कोण घेणार? माझ्या आईचं बोल हुतं ते.

मालक सरांकडं गेलं. सर घाबरलं, पण सुधारलं न्हाईत. फोनवर काय काय विचारतील ते उत्तरांसकट लिवून दिलं, आन् म्हणालं, पाठ करा. घ्या! ज्या खड्ड्यात पडलो तोच आणखी खोल खणून दिला. पण आमी तरी काय करणार? पोरगी जेवताना पुटपुटायची, न्हाणीत पुटपुटायची, झोपेत दचकून उठायची. तिच्या पुढं मी हसून बोलायची, आन् मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबायची.

शुक्रवारी लालासाहेबानं गिऱ्हाईकं बाहेर काढली, आवाज नको म्हणून पंखाबी बंद केला. काचेच्या खोक्यात प्रियंका, आन् खोक्याचं दार धरून मी. मालक बाहेर पायरीवर, हातात बिडी, पेटवायचं भान न्हाई. फोन वाजला तवा मी एवढी दचकले की काचेवर डोकं आपटलं.

पयल्यांदा सुरळीत चाललं. पोरगी घडाघडा बोलत हुती. लालासाहेबानं मला मान हलवून खूण केली, की जमतंय. आन् एकदम तिचं तोंड उघडं ते उघडंच ऱ्हायलं. आवाजच येईना.

"काय झालं गं?" मी हळूच इचारलं.

तिनं फोनवर हात ठेवला. "आई, मॅडम म्हणती, ह्येबी पाठ केलेलंच वाटतंय. ते सोड म्हणती. आत्ता तुझ्या डोळ्यांपुढं काय दिसतंय, ते सांग."

"मग सांग की."

"सरांनी ह्येचं उत्तर दिलं न्हाई, आई."

सतरा वर्सांची, पयला नंबर काढणारी माझी पोरगी, आन् पुढ्यात काय दिसतंय ते सांगायला तिला दुसऱ्याचं उत्तर लागतंय. अशानं परदेशात कशी जगंल ही? त्या क्षणाला मला कॉलेजपरास तिचीच जास्त भीती वाटली.

"माझ्याकडं बघ," मी म्हणले. "घाई करू नगं. काय दिसतंय ते बोल."

तिनं बघितलं. मग बोलाय लागली. घडाघडा न्हाई, अडखळत. एक शब्द बोलायची, थांबायची, मागं जाऊन दुसरा उचलायची. मला इंग्रजीतलं कुठं काय कळतंय? मधी 'आई' आलं, 'आष्टा' आलं, 'आजोबा' आलं. मी दार घट्ट धरून हुते.

फोन ठेवून ती बाहेर आली. जागा टिकली हुती. निबंध मातर तिथं गेल्यावर, त्यांच्यासमोर बसून नव्यानं लिवायचा. मालकांनी डोळं पुसलं आन् पेढं आणायला पळालं.

मी इचारलं, काय सांगितलंस गं तिला?

"दिसत हुतं तेच," ती म्हणाली. "माझी आई दार धरून उभी हाय, तिचं पाय कापत्यात, असं सांगितलं. आजोबा जित्तं हायत, मी खोटं लिवलं, तेबी सांगितलं." मग खाली बघून म्हणाली, "आन् मला तिकडं जायची लय भीती वाटती म्हणलं. घरात बोलले न्हाई, कारण आई माझ्यापरास जास्त भ्यालीया."

इतकं दिवस जागा जाईल म्हणून माझा जीव टांगणीला लागला हुता. जागा पक्की झाली, आन् मग माझ्या ध्यानात आलं, पोरगी जाणार.

लालासाहेबानं पंखा लावला. बाहेर गिऱ्हाईकं ताटकळली हुती.

"वैनी, झालं की आता," तो म्हणाला. "दार सोडा."

मला सोडवंना.